गाडी घरी कोणी आणली

१

मार्गळीच्या, ऐन थंडीच्या महिन्यात आमच्या कुंभकोणात उजाडायच्या आत दारोदारी सडा पडतो. सडा वाळायच्या आत मी तांदळाच्या पिठाचा कोलम, ठिपक्यांची रांगोळी, काढते, मधोमध शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा हा नेम. मध्ये खंड पडला तो यजमान इस्पितळात होते तेवढाच.

त्यांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पिठाची वाटी घेऊन बाहेर आले. वाकून ठिपके टाकत होते. देवळाच्या कर्ण्यावर भजन सुरू व्हायचं होतं, रस्ता अजून निजलेला. का कोण जाणे, पाठीवरचा पदर सारखा करावासा वाटला. कोणी पाहत असलं म्हणजे बाईमाणूस करतं तसा.

वळून पाहिलं. कोणी नव्हतं. घराच्या कुशीला पत्र्याच्या छपराखाली आमची पांढरी विजेची गाडी उभी होती, एवढंच. थोरल्याने, जयकुमारने, बापाला हौसेने घेऊन दिलेली. मी परत ठिपक्यांकडे वळले. मग हात थांबला.

गाडीचं तोंड माझ्याकडे होतं.

यजमानांना गाडी मागे घेऊन लावणं कधी जमलं नाही. जयकुमार त्यावरून त्यांना चिडवायचा. "आमचे अप्पा गाडी लावतात ती बैल गोठ्यात घालावा तशी. डोकं आत, शेपूट बाहेर." इतके महिने कोलम काढताना मला दिसायचे ते तिचे मागचे लाल दिवे. आज समोरची मोठी काच दिसत होती, आणि ती काच दवाने पांढरी झाली होती.

मी स्वतःशी म्हटलं, भागीरथी, गाडी घरी यांनी कोठे आणली? यांना तर स्ट्रेचरवरून आणलं. ज्याने आणून लावली त्याने त्याच्या सवयीने लावली. त्यात काय एवढं?

कोलम पुरा केला. पदराने ती काच सहज पुसायला गेले. पदर कोरडाच राहिला. दव आतून होतं.

२

त्या दिवशीचं सांगते.

दुपारची वेळ होती. यजमान भाजी घेऊन आले, गाडी फाटकाशी थांबली आणि थांबूनच राहिली. मी बाहेर आले तर यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. मी ओरडले असेन. गल्लीतली माणसं धावली. कोणी पाय धरले, कोणी खांदे, यांना मागच्या सीटवर आडवं केलं. मी आत शिरून यांचं डोकं मांडीवर घेतलं. दारं लागली, आणि गाडी निघाली.

चालवणाऱ्याकडे मी पाहिलं नाही. पाहायचं भान कोणाला होतं? मी यांच्या तोंडातली लाळ पुसत होते आणि विनायकाचं नाव घेत होते. मधूनच मान वर केली की पुढे एक मान दिसायची. रुंद, तेल लावून चोपलेले केस, मोठे कान. समोरच्या घरातला विजयराघव असेल असं मी धरून चालले. संकटात तोच धावतो. गाडी अशी चालली होती की एक धक्का बसला नाही. गर्दीतून, बसमधून, बैलगाडीच्या कडेने, जशी पाण्यावरून जावी. वाटेत मी एकदा म्हटलं, "लौकर चल रे बाबा." पुढची मान वळली नाही.

इस्पितळाच्या दारात पोरांनी यांना ओढून काढलं, मी यांच्यामागून धावले. पुढे नर्सने यांचा सदरा माझ्या हातात दिला. खिशात गाडीची किल्ली होती. ती किल्ली म्हणजे काळी डबीच, बटणांची. खिशात असली की गाडी आपोआप उघडते आणि चालू होते. डबीतून एक लहानशी लोखंडी पात अर्धी बाहेर आली होती.

आमच्यात माणसाच्या जिवावर बेतलं की हळदीत भिजवलेल्या फडक्यात नाणं बांधून देवापुढे गाठ मारतात. काम झालं की ती गाठ तशीच्या तशी देवाच्या हुंडीत, दानपेटीत टाकायची. त्याआधी सोडायची नाही. हळद माझ्या पिशवीत असते, रुमाल होता. पण नाणं? आजकाल फुलवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. साऱ्या पिशवीत एक नाणं निघालं नाही. तेव्हा मी ती लोखंडी पात काढली. बटणांच्या गाडीला लोखंडाची किल्ली कशाला, असं वाटलं. तीच फडक्यात बांधली आणि तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला हात जोडले.

"विनायका, हे पुन्हा या गाडीत बसून स्वतः चालवत तुझ्या दारी आले, की ही गाठ तुझी."

शब्द आठवतात, कारण तेवढेच शब्द मी पुढे रोज म्हणत होते.

३

घरी आणल्यावर यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी टाकली. उजवी बाजू हलत नव्हती. जीभ जड झाली होती. पेजेचे चमचे मोजकेच जात. आणि दिवस जातील तसे तेही कमी होऊ लागले. डॉक्टर म्हणाले होते, औषध आपलं काम करील, पण रोग्याने मनाने उठायला हवं.

मन कोठे होतं? विचारलं काही की ते छताकडे बघायचे. दिवसातून केव्हातरी एकदाच बोलायचे, आणि ते एकच.

"भागी... मला... गाडीतून काढ."

पहिल्यांदा मी हसून म्हटलं, "घरी आहात अहो. ही बघा खिडकी, ही आपली खाट." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण अंधारातून उजेडाकडे पाहावं तसं, नुसतं माझ्या बाजूला. मग पुन्हा तेच.

जयकुमार होसूरला असतो. कारखान्यातून दर रविवारी यायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आई, डोक्यात रक्त गोठलं की असं होतं. शेवटचं आठवतं त्यातच माणूस अडकतो." पटलं मला. पटवून घेतलं.

तरी सकाळी कोलम काढताना गाडीकडे नजर जायचीच. काचा बंद, दारं बंद, आणि पुढची काच आतून पांढरी. ती ऊन चढलं की निवळायची. एकदा निवळल्यावर मी हातांची ओंजळ करून आत डोकावले. पुढची चालकाची सीट मागे सरकवलेली होती, पार मागे, लांब पायांच्या माणसासाठी सरकवावी तशी. आमचे यजमान बुटके. ते स्टिअरिंगला छाती लावून चालवायचे.

विजयराघव उंच आहे, म्हटलं मी. उंच आहेच तो.

निघताना मागच्या दाराच्या काचेवरही ओल दिसली. तळहाताएवढी, अगदी खाली, आडव्या माणसाचं तोंड येईल तिथे. ती मी मनावर घेतली नाही. माझं लक्ष सारं पुढच्या सीटकडे होतं.

४

यांची तपासणीची तारीख जवळ आली. तंजावरला न्यायचं होतं. यांना आपल्या गाडीत बसवलं तर मनातली ती गाठ सुटेल असं मला वाटलं. काळी डबी घेऊन छपराखाली गेले, बटण दाबलं. काही नाही. कडी ओढली. दार दगडासारखं.

समोरून शिवकामी आली. विजयराघवाची बायको. आली की घर भरतं तिच्या आवाजाने. "मामी, ही गाडी मेली! उभी राहून राहून मेली. माझं ऐकलं असतं, एक म्हैस घेतली असती तर निदान दूध देती."

"विजयराघवाला हाक मार ना. त्यानेच आणून लावली, त्याला ठाऊक असेल."

विजयराघव तोंडात विडा धरून आला. गाडीभोवती फिरला. "मी आणून लावली? कधी?"

"त्याच दिवशी. आम्हाला इस्पितळात सोडून."

त्याने विडा थुंकला. "मामी, मी त्या दिवशी तिरुविडैमरुदूरला होतो. हिच्या मावसबहिणीचं लग्न. मला तर रात्री फोनवर कळलं. आणि ही बिनगिअरची गाडी मी जन्मात चालवली नाही."

"मग कोणी?"

"मला काय ठाऊक? गल्लीतलं कोणी असेल."

शिवकामीने आवाज एकदम खाली आणला.  मग म्हणाली, "मामी, मी लग्नाला गेले नव्हते, अंग मोडून आलं होतं. संध्याकाळी दारात दिवा ठेवत होते तेव्हा ही गाडी आत शिरताना मी पाहिली. उलटी, एका दमात. मला वाटलं मामांना बरं वाटलं, तुम्ही परतलात. मी हात केला. आतूनही हात झाला."

"कोण उतरलं?"

"उतरलं कोणी नाही," ती म्हणाली. "मी बराच वेळ उभी होते."

विजयराघव हसला. "हिला दिव्याच्या उजेडात यमसुद्धा हात करतो." पण हसता हसता तो गाडीपासून दोन पावलं मागे सरला होता.

त्याच संध्याकाळी जयकुमारला फोन लावला. उतरलं कोणी नाही ते सांगितलं नाही. पोर आधीच काळजीत. गाडी उघडत नाही, एवढंच म्हटलं.

"आई, चाकांची मोठी बॅटरी ठीक असेल. बारा व्होल्टची लहान बॅटरी असते, ती उतरली की कुलूपसुद्धा हलत नाही. विजयराघव अण्णाच्या जुन्या गाडीची बॅटरी दोन वायरींनी जोडली की जागी होईल. पण त्यासाठी बॉनेट उघडायला हवं, आणि बॉनेटची कडी आत आहे. आत शिरायला लोखंडी किल्ली लागते. त्या डबीच्या पोटातच असते. चालकाच्या दाराच्या मुठीवरचं झाकण काढ, खाली भोक दिसेल. त्या एकाच दाराला असतं."

मी देवाकडे पाहिलं.

"आई? डबीच्या पोटात आहे ना ती?"

"नवसाच्या गाठीत आहे."

 तो हसू लागला. "म्हणजे गाडीत बसून देवाकडे जायचं, मग गाठ द्यायची. आणि गाठ सोडल्याशिवाय गाडीत बसता येत नाही. धन्य तुझी! दुसरी मागवतो, पण महिना लागेल."

मी त्याला विचारलं, "आत कोणी असलं, तर त्यालाही किल्ली लागते का रे?"

"छे. आतून नुसती कडी ओढली की दार उघडतं. बॅटरी असो नसो. का?"

"सहज," मी म्हटलं.

आत खाटेवर यजमान म्हणाले, "भागी... मला... गाडीतून काढ." आणि त्या दिवशी त्यांनी पेजेला तोंडच लावलं नाही.

५

महिना थांबण्याइतका यांच्यात जीव उरला नव्हता. हे मला कोणी सांगायला नको होतं. मनगट धरलं की नुसतं हाड हाताला लागायचं.

देवापुढे कौल लावावा असं मनात आलं. पांढरं फूल म्हणजे हो, तांबडं म्हणजे नाही. लावलं नाही. तांबडं आलं असतं तर?

मग एक गोष्ट लक्षात आली आणि सारा उलगडा झाल्यासारखं वाटलं. आमच्याकडे मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला तसंच घरात घेत नाहीत. हळदीच्या पाण्यात चुना कालवून लाल पाणी करतात, ताटात घेऊन त्याच्यावरून ओवाळतात, या म्हणतात, मग तो उंबरा ओलांडतो. यांना आणलं तेव्हा स्ट्रेचर, पोरांची घाई, तिरकं धरा, पाय वर करा. आरती राहिली होती. शरीर आत आलं. बाकीचं गाडीतच बसून राहिलं, बोलावण्याची वाट बघत. ते ओल्या काचेमागे श्वास घेत होतं. गाडी कोणी का आणली असेना, आत आहेत ते माझे यजमान.

किती सोपं होतं ते! मी रडले आणि हसले.

दिवेलागणीला शिवकामीला यांच्याजवळ बसवलं. लुगडं बदललं, केसात फूल घातलं, ताटात लाल पाणी केलं, वर कापराची वडी. देवापुढून नवसाची गाठ उचलली. "विनायका, सोडत्ये. पण तुझीच आहे, परत बांधीन." गाठ हळदीने कडक झाली होती. दातांनी सोडवावी लागली.

छपराखाली अजून उजेड होता. देवळाकडच्या घंटा ऐकू येत होत्या. मुठीवरचं झाकण नखाने उचकटलं, खाली भोक निघालं. पात घातली. फिरेना. दुसऱ्या बाजूला फिरवली. आत काहीतरी कडकन सरकलं. मी कापूर पेटवला, ताट उचललं.

दार मी ओढलं नाही. ओढायच्या आधीच ते बोटभर बाहेर आलं.

आतून हवा आली. बंद गाडीची, उन्हात तापलेल्या प्लास्टिकची म्हणावी, तर तशी नव्हती. थंड होती. तिला खोबरेल तेलाचा वास होता. यजमान डोक्याला तेल लावत नाहीत, तेलाने त्यांना पडसं होतं. हे माझ्या मनात आलं. आलं होतं, हे मी नाकारत नाही. पण कापूर पेटला होता, आणि पेटलेली आरती घेऊन माघारी कोण फिरतं?

मी ताट ओवाळलं. खाली मान घालून, रीतीप्रमाणे. "या," म्हटलं. "घर तुमचंच आहे. आत या."

गाडी माझ्या बाजूला कलली. जड माणूस उतरायला कडेला सरकला की कलते तशी.

मी मान वर केली नाही. माझी नजर ताटात होती. लाल पाण्यात उघड्या दाराची सावली पडली होती, काळी, थरथरती. त्या काळ्यातून एक गुडघा बाहेर आला. मग लांब नडगी. पाणी हलत होतं म्हणून ती इतकी लांब दिसली असेल. पाऊल जमिनीला लागायच्या आत मी डोळे मिटले.

गाडी पुन्हा सरळ झाली.

घरातून शिवकामी किंचाळली, आणि तिच्या किंकाळीच्या वर एक आवाज आला, स्वच्छ, भरलेला, खणखणीत.

"भागी! कॉफी आण."

६

गल्ली लोटली. यजमान खाटेवर पाय सोडून बसले होते, उजव्या हातात पेला धरून. शिवकामी रडत होती, मला मिठी मारत होती. "मामी, तुमचा विनायक! तुमचा विनायक!" विजयराघवाने यांच्या पायाला हात लावला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, असं होतं कधी कधी, भाग्यवान आहात. जयकुमार आला, बापाच्या गळ्यात पडला, बॅटरीच्या वायरी जोडून गाडी जागी करून गेला.

मला सुख झालं नाही असं म्हणू नका. मी तृप्त होते. पानात वाढलेलं सारं जायचं, पुन्हा मागून जायचं. रात्री घोरण्याचा आवाज यायचा. यांचं 'गाडीतून काढ' बंद झालं होतं.

फक्त दारातून आत येताना ते मान वाकवायचे. आमच्या दाराला यांचं डोकं कधी लागलं नव्हतं.

आणि एकदा न्हायला बसताना म्हणाले, "तेल आण. डोक्याला चोळ." मी चोळलं. मानेवर हात फिरवताना मी डोळे मिटून घेत होते. मिटल्यावर हाताला ती मान रुंद लागायची. उघडले की यांचीच असायची, तीळ होता त्याच जागी.

आजारातून उठलेलं माणूस बदलतं, मी म्हटलं. भूक बदलते, आवडी बदलतात. मी कोण परीक्षा घेणारी? मागितलं तेच मिळालं होतं.

७

चांगला वार पाहून नवस फेडायला निघालो. गाठ मी पुन्हा बांधली होती, तीच पात, तेच फडकं. यजमान चालकाच्या सीटवर बसले. सीट पार मागे होती ती त्यांनी पुढे घेतली नाही. मी शेजारी. गाडी फाटकातून निघाली ती धक्का न बसता, जशी पाण्यावरून जावी.

स्वामीमलैच्या रस्त्याला दोन्हीकडे भाताची शेतं पिकली होती. बगळे उडत होते. मी म्हणाले, "किती बरं वाटतं ना?"

"हं," यजमान म्हणाले.

आणि मागून, माझ्या खांद्याच्या मागून, अगदी खालून, जड जिभेने कोणी म्हणालं, "भागी..."

मी यजमानांच्या ओठांकडे पाहिलं. मिटलेले होते.

"मला... गाडीतून काढ."

मी वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. नारळाची पिशवी, फुलांची पुडी. पण सीटचं कापड मधोमध दबलं होतं, लांबट, माणूस आडवा निजावा तेवढं. आमचे यजमान बुटके आहेत. तेवढंच.

त्या दिवशी मी यांना मागच्या सीटवर मांडीवर घेऊन नेलं होतं. आरती ओवाळली ती पुढच्या दाराला.

देवळात पोचलो. पांढऱ्या विनायकाला पाणी लावत नाहीत, नुसती कापराची पूड. त्या वासात उभी राहून मी खूप वेळ काही मागितलंच नाही. काय मागायचं? हे गाडीत बसून स्वतः चालवत तुझ्या दारी येऊ देत, असं म्हटलं होतं. आले होते. यजमान माझ्यामागे उभे होते, हात न जोडता. "टाक," म्हणाले. मी गाठ हुंडीत टाकली. ती खाली पडल्याचा आवाज झाला, लोखंडाचा.

परत निघताना मी मागचं दार उघडलं. "प्रसादाचं ताट मांडीवर हवं, सांडेल," म्हटलं, आणि त्या दबलेल्या जागेच्या कडेला जपून बसले. जरा वेळाने ताट बाजूला ठेवलं. मांडीवर ओझं आलं होतं. त्या दिवशी होतं तेवढंच, कोमट. मी पदराचा शेवट घेतला आणि जिथे तोंड असावं तिथे हलकेच टिपलं. पदर ओला झाला. "आहे हो मी," पुटपुटले.

"कोणाशी बोलत्येस?" यजमानांनी विचारलं.

"स्तोत्र म्हणत्ये."

त्यांनी हात वर केला आणि आरसा थोडा खाली वळवला. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मांडीकडे. पुढे सारा रस्ता त्यांचे डोळे आरशातच होते. गाडी तरीही सरळ चालली होती.

घर आलं. गाडी उलटी, एका दमात छपराखाली गेली. यजमान उतरले. माझ्या काचेशी वाकून, अगदी मायेने म्हणाले, "उतर भागी. एकटीच उतर हं."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे, दिवा लावा."

ते मान वाकवून दारातून आत गेले. मी बसून राहिले. नवऱ्याचा शब्द मी मोडला नाही कधी. पण कोणत्या नवऱ्याचा? आत गेला त्याचे हातपाय धड होते, भूक होती, गल्ली त्याच्या पाया पडत होती. मांडीवरच्याला धड बोलता येत नव्हतं. त्याला नुसतं माझं नाव येत होतं.

माझ्याजवळ ताट नव्हतं, हळद नव्हती, कापूर नव्हता. मी कडी ओढली, दार उघडलं, उतरले, आणि उघडं दार हाताने धरून ठेवलं. "या हो," हळूच म्हटलं. "सावकाश. माझ्या खांद्याला धरा."

खांदा खाली गेला. मी चालू लागले, एक एक पाऊल, एक पाय ओढत येणाऱ्या माणसाबरोबर चालावं तसं.

पुढच्या खोलीत दिवा लागला होता. यजमान खुर्चीत बसून सूर गुणगुणत होते. आम्ही उंबऱ्यावर आलो तसा त्यांचा सूर थांबला. ते वर पाहीपर्यंत मी स्वयंपाकघराकडे वळले होते. मागे खाट करकरली. कोणी टेकलं की करकरते तशी.

"कोणाला आणलंस?" बाहेरून खणखणीत आवाज आला.

मी तांदळाच्या डब्यात हात घातला.

"भागी... पाणी," दुसरा आवाज म्हणाला. इतका हळू, की फक्त माझ्यासाठी.

खुर्ची मागे सरकली. कोणी उभं राहिलं.  पण ज्याला देवाने घरापर्यंत आणलं, तो कोणी असो, त्याला उपाशी कसं ठेवायचं? दोघांचे तांदूळ घेतले होते, त्यात तिसऱ्याचे घातले. पाणी ओतलं. मग दोघांनाही ऐकू जाईल असा आवाज काढून म्हणाले,

"भात चढवत्ये. भांडू नका. पाटावर बसा."